पहिल्या ट्रायथ्लॉनला जुनी सायकल पुरे

२०१९ साली गोव्यात मिरामारला मोठी ट्रायथ्लॉन झाली, तेव्हापासून आपल्या धर्मग्रामातील तरुणांनाही तिची ओढ लागली आहे. पोहणे, सायकल, धावणे, तिन्ही लागोपाठ. प्रकृतीला चांगलेच. परंतु उसाच्या बिलातून आधी सोसायटीचे कर्ज फेडायचे असते. त्यातून नव्या सायकलीसाठी हट्ट धरणे आम्हांस पटत नाही. नवख्यांच्या स्पर्धेत बहुधा ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल व ५ किलोमीटर धावणे असते. तेवढ्याला माळ्यावरची वाकड्या हँडलची जुनी सायकल पुरते, मग ती जड का असेना.

खर्च करायचाच तर टायर, ब्रेकचे रबर, केबल व चेन यांवर करावा. जुन्या टायरच्या कडेचा आकडा वाचूनच नवा घ्यावा; २७ इंची रिमवर ७०० सीचा टायर चढत नाही, दिसायला मात्र दोन्ही सारखेच! फ्रेमला जोडापाशी तडा असेल तर ती सायकल शर्यतीत नेऊच नये. हँडलची पोकळ टोके बुचाने बंद करावीत. उघडी असल्यास पंच अडवतात, आणि ते योग्यच आहे. पडल्यावर तीच नळी पोटात घुसते. हेल्मेट मात्र नवे घ्यावे. सायकलीला हात लावण्यापूर्वी त्याचा पट्टा आवळलेला असावा, असा नियमच आहे.