डेडलाईन दिली म्हणून न्याय होत नसतो

मंडळी, गुरुवारी सुट्टी टाकली होती. मॅनेजरला कारण सांगितलं, 'कोर्टात साक्ष आहे'. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. :)

झालं असं की, दोन वर्षांपूर्वी सुट्टीत घरी आलो असताना आमच्या गल्लीतल्या काकूंची चेन माझ्या डोळ्यांदेखत ओढून नेली. बाईकवर दोघं, पाच सेकंदांचा खेळ. काकू पडल्या, मनगट मोडलं. मी धावलो, नंबर अर्धा दिसला, तो पोलिसांना सांगितला. पोरं सापडलीसुद्धा! म्हणजे पोलिसांनी आपलं काम केलं असंच मी म्हणेन.

त्यानंतर मात्र तारखा. गुरुवारची माझी चौथी. एकदा आरोपीचा वकील आला नाही. एकदा तपास अधिकाऱ्याची बदली झालेली. एकदा न्यायाधीश रजेवर. आणि परवा? साहेब बंदोबस्ताला गेलेत, पुढची तारीख घ्या. रात्रीच्या गाडीनं पुण्याहून आलो, रात्रीच्या गाडीनं परत. जाताना काकू म्हणाल्या, "जाऊ दे रे बाळा. चेन गेली ती गेली. आता ह्या खेपा नकोत."

हे 'जाऊ दे' माझ्या डोक्यात गाडीभर फिरत होतं. गुन्हेगार सापडलाय, साक्षीदार तयार आहे, आणि तक्रारदारच कंटाळून उठून चाललाय. साध्या चेनचं हे, तर बलात्काराच्या खटल्यातल्या मुलीचं काय होत असेल?

आता विधानभवनाकडे वळू. सुरक्षितता आणि न्याय या विषयावर आपल्या आमदारांनी अलीकडच्या काळात केलेलं सगळ्यात गाजलेलं काम कोणतं? शक्ती विधेयक. हैदराबादची २०१९ ची घटना, मग आंध्रचं 'दिशा' विधेयक, २०२० च्या फेब्रुवारीत आपल्याकडे हिंगणघाट. लोक चिडले होते, आणि ते चिडणं शंभर टक्के बरोबर होतं. डिसेंबर २०२० मध्ये विधेयक आलं, २१ आमदारांच्या संयुक्त समितीकडे गेलं, आणि २३ आणि २४ डिसेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. विधानसभेत तर एकमतानं! आमच्या कोल्हापूरचे बंटी पाटील, म्हणजे सतेज पाटील, तेव्हा गृह राज्यमंत्री होते, आणि गंमत म्हणजे त्यांच्याकडे माहिती तंत्रज्ञान खातंही होतं. म्हणजे आमच्या धंद्याची भाषा त्यांना कळत असणार.

विधेयकात काय होतं? अत्यंत क्रूर बलात्काराला फाशी. मूळ मसुद्यात तपास १५ दिवसांत, समितीनं ते ३० दिवस केले. खटलाही ३० दिवसांत. आणि हो, खोटी तक्रार केली तर शिक्षा. (आधीच पोलीस ठाण्याची पायरी चढायला घाबरणाऱ्या मुलीला हे कलम वाचून किती धीर आला असता, तुम्हीच ठरवा.)

पुढे काय झालं? काही नाही. फौजदारी कायदा हा केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीतला विषय. केंद्राच्या कायद्याला छेद जाणारं काही करायचं तर राष्ट्रपतींची संमती लागते. ती मिळाली नाही. १ जुलै २०२४ पासून तर भारतीय न्याय संहिताच आली, म्हणजे ज्या कायद्यात दुरुस्ती करायची तो कायदाच गेला. शक्ती कधी कायदा झालाच नाही.

आयटीवाल्यांनो, हे ओळखीचं वाटतंय का? क्लायंट ओरडतोय, साठ दिवसांचं काम वेळेत होत नाहीये. मग मॅनेजर काय करतो? माणसं वाढवत नाही, काम कुठं अडतंय ते बघत नाही. डेडलाईन तीस दिवसांवर आणतो आणि टाळ्या घेतो. कारण बघा, साठ दिवसांची मुदत कायद्यात आधीपासून होतीच! बलात्काराचा खटला आरोपपत्रापासून दोन महिन्यांत संपवायचा हे २०१३ पासून, तपास दोन महिन्यांत पुरा करायचा हे २०१८ पासून. दोन महिन्यांची मुदत पाळता येत नाही, यावर उपाय एक महिन्याची मुदत?? वा रे वा.

तुम्ही म्हणाल, फाशीची भीती तर बसली असती ना? मग आमच्या कोल्हापूरचीच गोष्ट ऐका. लहान मुलांना पळवून त्यांचे खून करणाऱ्या गावित बहिणींना इथल्या सत्र न्यायालयानं २००१ साली फाशी सुनावली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पुढे दयेच्या अर्जाची फाईल जी फिरत राहिली, ती सात-आठ वर्षं. २०१४ साली अर्ज फेटाळला गेला. आणि १८ जानेवारी २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयानं फाशी रद्द करून जन्मठेप दिली. कारण? सरकारी यंत्रणेनं लावलेला उशीर. तारखा नीट बघा. शक्ती विधेयक विधान परिषदेत मंजूर होऊन जेमतेम पंचवीस दिवस झाले होते. एकीकडे सभागृहात नव्या फाशीसाठी बाकं वाजली, दुसरीकडे जुनी फाशी फाईल न हलल्यामुळं गेली. मी काही फाशीचा भक्त नाही. पण जे सरकार फाईल हलवू शकत नाही त्यानं फाशीची भीती घालणं म्हणजे नुसता देखावा.

मला राग कशाचा येतो सांगू? जे दिल्लीच्या हातात होतं त्यावर आमदारांनी वर्षभर बैठका घेतल्या. जे पूर्णपणे त्यांच्या हातात आहे ते तसंच राहिलं. पोलीस आणि तुरुंग हे राज्याचे विषय आहेत. हवालदाराची भरती करायला, प्रयोगशाळेतल्या रिकाम्या जागा भरायला, सरकारी वकील नेमायला कुणाही राष्ट्रपतींची सही लागत नाही.

माझे साहेब बंदोबस्ताला गेले ना? प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ सालीच सांगितलं होतं की तपास करणारे पोलीस आणि बंदोबस्ताचे पोलीस वेगळे करा. आपल्या विधिमंडळानं २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, तक्रार प्राधिकरणं वगैरे कागदावर आली. पण माझा साक्षीचा दिवस गेला तो एका मंत्र्याच्या दौऱ्यापायी.

बरं, आमदारांनी चांगलं काही केलंच नाही असंही नाही. २०१७ चा साक्षीदार संरक्षण कायदा याच विधिमंडळानं केला. त्याच्यासाठी कुणी मेणबत्त्या पेटवल्या नव्हत्या, आणि चॅनलवर चर्चा झालेली मला तरी आठवत नाही. पण साक्षीदार टिकला तरच खटला टिकतो, हे चार तारखा खाल्लेला माणूस छातीठोक सांगेल. असल्या कंटाळवाण्या कामाचं श्रेय आपण आमदाराला देतच नाही, मग तो ते कशाला करेल? दोष आपलाही आहे.

कोल्हापूरकरांना उशीर काय असतो हे शिकवायला नको. कॉम्रेड गोविंद पानसरेंवर १६ फेब्रुवारी २०१५ ला याच शहरात सकाळी फिरून येताना गोळ्या झाडल्या. खटल्यात आरोप निश्चित व्हायला २०२३ उजाडलं. आणि सहा जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं यावं म्हणून वकिलांनी चाळीसेक वर्षं लढा दिला, तेव्हा कुठं ते ऑगस्ट २०२५ मध्ये सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालं. अपिलासाठी मुंबई गाठायची खेप वाचली. आता सांगा, सामान्य माणसाला जास्त न्याय कशानं मिळाला, भाषणातल्या फाशीनं की या इमारतीनं?

आणि हे शहर कुणाचं आहे? शाहू महाराजांचं. ब्रिटिशांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना रोज हजेरी द्यावी लागायची. महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात ती बंद केली आणि त्याच लोकांना नोकऱ्या दिल्या. शिक्षा वाढवून नाही, माणसाला उभं करून गुन्हा कमी होतो, हे इथं शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलंय.

थोडक्यात काय, तर पुढच्या वेळी तुमचा आमदार मत मागायला दारात आला आणि 'कडक कायदा' म्हणाला, की त्याला चहा द्या आणि तीनच प्रश्न विचारा. आपल्या जिल्ह्यात तपास अधिकाऱ्यांच्या किती जागा रिकाम्या आहेत? प्रयोगशाळेत किती नमुने पडून आहेत? यावर तुम्ही सभागृहात तारांकित प्रश्न कधी टाकला होता? उत्तर आलं तर माणूस कामाचा. नाही आलं तर चहा तेवढा वाया गेला समजा.

माझी पाचवी तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी जाणार. काकूंना म्हटलंय, तुम्हीही या, परत येताना मिसळ माझ्याकडून. अजून 'हो' म्हणालेल्या नाहीत.