पातेरा जळतो, माती उपाशी राहते

मालवण-कसाल मार्गावरील कट्टा परिसरात काजूचा हंगाम जवळ आला की बागांतून धुराचे लोट उठू लागतात. बी वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पातेरा गोळा करून पेटवून दिला जातो. साफसफाई म्हणून याकडे पाहिले जात असले, तरी प्रत्यक्षात जळते ते खत.

जंगलाचा हिशेब वेगळा असतो. ऐन-किंजळीसारखी झाडे पान गाळण्यापूर्वी त्यातील नत्र व स्फुरदाचा मोठा हिस्सा परत ओढून घेतात. उरलेली अन्नद्रव्ये पानांसोबत जमिनीवर येतात. जूनमध्ये पाऊस सुरू होताच बुरशी, वाळवी आणि गांडुळे ही पाने कुजवतात आणि तेच अन्न पुन्हा मुळांकडे जाते. बाहेरून गोणीभर खत न टाकताही रान हिरवे राहते, ते या फेऱ्यामुळे.

कोकणात हा फेरा अधिकच मोलाचा ठरतो. येथील जांभ्या मातीची अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती मुळातच कमी असते. त्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतांशी चार महिन्यांत. अशा मातीत अन्न रोखून धरण्याचे काम कुजलेला पालाच करतो. तो जाळला की नत्र हवेत उडून जाते. पालाश राखेत उरतो, पण उतारावरची राख पहिल्या मोठ्या सरींबरोबर वाहून जाते.

जाळण्याची प्रथा नवी नाही. भातरोपांसाठी भाजावळ पूर्वीही होत असे. मात्र त्याच वेळी पातेरा गोठ्यात अंथरला जाई आणि शेणखत होऊन शेतात परते. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली आणि वरकस जमिनी आंबा-काजूखाली आल्या. पातेरा वाढला, पण दारातील गुरे कमी झाल्याने त्याची वाट बंद झाली.

यात केवळ शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. वाळका पाला तसाच राहिला तर एका ठिणगीने बाग वणव्यात जाण्याची भीती असते. तो खड्ड्यात भरायला मजुरी लागते. काडी ओढायला लागत नाही.

२०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका मातीतील उणीव दाखवू लागली. पण ती भरून काढण्याचा विचार मुख्यतः गोणीपाशीच थांबतो. त्यातही पालाशयुक्त खतासाठी देश जवळजवळ पूर्णतः आयातीवर अवलंबून आहे. बागेभोवती जाळरेषा काढणे, आळ्यात पाल्याचे आच्छादन करणे आणि उरलेला पाला खड्ड्यात कुजवणे हे उपाय अवघड नाहीत. प्रश्न मजुरीचा आहे. बाग उभी करण्यासाठी शासनाने पैसा दिला. तिची माती टिकवण्यासाठीही तो द्यावा लागेल. अन्यथा फुकटचे खत जाळून विकतचे आणण्याचा हा व्यवहार दरवर्षी महागच पडत जाईल.