चूक खोडू नका, समासात लिहा!



आपल्या होस्टेलमध्ये कोणाला लाप्लास ट्रान्सफॉर्मचं सूत्र विचारलं तर "थांब, नोट्स बघून सांगतो" असं उत्तर येईल. पण आजोबांच्या वडिलांचं नाव विचारून बघा. कितीतरी मुलं-मुली झोपेतसुद्धा सांगतील. आजोबा कोणत्या साली पहिलीत दाखल झाले, रजिस्टरमध्ये त्यांचा अनुक्रमांक काय, हेही सांगतील. हे काही पूर्वजांवरचं प्रेम नव्हे. ही जात पडताळणीची कृपा आहे!

या विषयावर आपल्याकडे दोनच सुरांत बोललं जातं. एक म्हणजे 'बंद करा ही कटकट', आणि दुसरा 'किती लागतात आणि कोणाला द्यायचे'. मला तिसरंच काही मांडायचं आहे. पूर्वजांचा शोध आणि त्यांच्या नोंदींतल्या चुकांची दुरुस्ती ही दोन्ही कामं आपण घाईत, भीतीपोटी आणि बरेचदा चुकीच्या रीतीनं करतो. तीच कामं शांतपणे, उघडपणे आणि मूळ पुराव्याला हात न लावता करता येतात.

ज्यांना या भानगडीत पडावं लागत नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती. आरक्षणातून प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं. यासाठीचा राज्याचा कायदा १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू आहे. त्याच्या कलम ८ प्रमाणे जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्ज करणाऱ्यावर असते. पुरावा मागतात तो मानीव दिनांकाच्या आधीचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आपला जन्म २००० नंतरचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या कागदाशिवाय गत्यंतर नाही. शिवाय त्यांच्यापासून आपल्यापर्यंतचं नातं दाखवायला वंशावळीचं शपथपत्र द्यायचं.

आता हे कागद कसे तयार झाले ते बघा. आपला भंडारा जिल्हा आधी मध्य प्रांतात, मग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. गावात मूल जन्मलं की कोतवाल खबर द्यायचा आणि नोंद व्हायची. तीच आपली कोतवाल पंजी. त्यात बाळाचं नाव बरेचदा नसतंच. बापाचं नाव, जात आणि 'मुलगा झाला' किंवा 'मुलगी झाली', एवढंच. शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर गुरुजी लिहायचे. जन्मतारीख अंदाजानं, आडनाव कधी आहे, कधी नाही. जमिनीचे कागद वेगळे, त्यांची भाषा कधी मराठी, कधी हिंदी. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण त्याआधीच्या नोंदीत तिकडच्या गावांचाही जिल्हा भंडाराच आहे. पवनीकडे गोसीखुर्द धरणात गावं बुडाली, माणसं पुनर्वसनात गेली. कागदावर मात्र जुनंच गाव आहे. अशा ठिकाणच्या मुलानं 'मूळ गाव' या रकान्यात काय लिहायचं?

यात आपल्या पिढीनंही भर घातली आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथलं रजिस्टर इंग्रजीत. इंग्रजीत 'ण' आणि 'न' एकच. मग संगणकानं त्या इंग्रजी नावाचं परत देवनागरी केलं की गहाणेंचे 'गहाने' होतात. म्हणजे चुका जुन्या गुरुजींनीच केल्या असं नाही. आजही रोज होत आहेत, फक्त आता त्या प्रिंट होऊन येतात!

आमच्या घरचंच उदाहरण देते. आम्ही कोहळी. वैनगंगेच्या खोऱ्यात तलाव बांधणारी ही शेतकरी जात. १९१६ साली निघालेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या ग्रंथातही कोहळींची वेगळी नोंद आहे. पण आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जात लिहिली होती 'कोळी'. मधला 'ह' गायब. कोळी ही अगदी वेगळी जात. चुलत आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "गुरुजीनं जे लिवलं ते लिवलं बाई. तवा कोन वाचून पाहे?" खरंच आहे. ज्याला वाचता येत नव्हतं अशा बापानं मुलाला शाळेत घातलं, हेच त्या काळी मोठं. तो 'ह' तपासणार कसा?

त्या एका 'ह'साठी आमचे दहा महिने गेले. मधल्या काळात एका गृहस्थांनी बाबांना सुचवलं, की रजिस्टरमध्येच 'ह' घालून देतो, शाईसुद्धा जुनी दिसेल. बाबांनी हात जोडले. मग रीतसर शोध सुरू झाला. आजोबांच्या धाकट्या भावाचं नाव त्याच शाळेत दोन वर्षांनी घातलेलं, तिथे स्वच्छ 'कोहळी' लिहिलेलं. पणजोबांच्या जमिनीच्या कागदावरही 'कोहळी'. आम्ही तिन्ही कागद दिले, चुकीचा दाखलासुद्धा. सोबत एक पान जोडलं. कोणत्या कागदावर काय लिहिलं आहे आणि आमच्या मते कोणतं का बरोबर, एवढंच त्यावर होतं. दक्षता पथकाची चौकशी झाली आणि प्रमाणपत्र मिळालं.

समजा तो 'ह' घुसडला असता तर? दक्षता पथक मूळ रजिस्टर बघतं. शाई, अक्षर, खाडाखोड सगळं बघतं. आमची खरी जात एका खोट्या अक्षरामुळे खोटी ठरली असती. आणि हे संकट लहान नाही. ६ जुलै २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दावा अवैध ठरला तर त्यावर मिळालेला प्रवेश किंवा नोकरीचा लाभ काढून घेतला जाईल. त्यासाठी अर्जदाराचा हेतू अप्रामाणिक होता हे सिद्ध करण्याची गरज नाही. म्हणजे शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाची डिग्रीसुद्धा अशा कागदावर लटकलेली असते.

एवढी कडक तपासणी कशाला, असं कोणी विचारेल. तिलाही कारण आहे. १९९४ च्या प्रसिद्ध माधुरी पाटील प्रकरणात मेडिकल प्रवेशासाठी महादेव कोळी असल्याचा दावा होता आणि घरच्या शाळेच्या नोंदीत 'हिंदू कोळी' होतं. सर्वोच्च न्यायालयानं दावा फेटाळला आणि तपासणी समिती, दक्षता पथक ही सगळी पद्धत घालून दिली. आपल्या विदर्भातलं मिलिंद प्रकरण तर मोहाडी, आंधळगाव, पवनीच्या कोष्टी घरांत आजही बोललं जातं. हलबा-कोष्टी हे हलबा जमातीत धरता येणार नाहीत, असा निकाल घटनापीठानं २८ नोव्हेंबर २००० रोजी दिला. त्या विद्यार्थ्याची डॉक्टरकी वाचली, पण पुढचा लाभ नाही. खऱ्या आदिवासी मुलाची जागा दुसऱ्यानं घेऊ नये, ही भूमिका मला पटते. माझी तक्रार तपासणीबद्दल नाही. माझं म्हणणं एवढंच, की लिहिणाऱ्याची चूक आणि अर्जदाराचा खोटेपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तो फरक दिसेल अशी सोय हवी.

अशी सोय आपल्या कायद्यातच आहे! जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा काढून बघा. कलम १५ म्हणतं, की नोंदीत चूक असेल तर निबंधकानं मूळ नोंद न बदलता समासात दुरुस्ती लिहायची, त्याखाली सही करायची आणि तारीख टाकायची. किती साधी आणि किती शहाणी रीत! जुनी चूक दिसते, नवी दुरुस्ती दिसते, कोणी कधी केली तेही दिसतं. कॉम्प्युटरच्या मित्रांनो, तुमचं व्हर्जन कंट्रोल दुसरं काय करतं? जुना कोड पुसला जात नाही. बदल कोणी केला याची नोंद राहते. इतिहास राहतो म्हणून तर विश्वास राहतो.

घरच्या वंशावळीलाही हाच नियम लावा. आपल्याकडे वंशावळ 'सुधारण्याची' हौस फार. कोणाला आपलं कूळ थेट राजवाड्यात नेऊन ठेवायचं असतं, कोणाला मधला एक गरीब सालदार पूर्वज लपवायचा असतो. भाटांच्या पोथ्यांत, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत बरीच खरी माहिती सापडते. पण तीही माणसांनीच सांगितलेली आणि माणसांनीच लिहिलेली. म्हणून प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळालं ते लिहा. काका एक सांगतात आणि कागद दुसरं सांगतो, तर दोन्ही लिहा. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाका. प्रश्नचिन्ह असलेली वंशावळ प्रश्नचिन्ह नसलेल्या खोट्या वंशावळीपेक्षा केव्हाही बरी.

आणि एक गोष्ट मुलगी म्हणून मला बोचते. वंशावळीच्या शपथपत्रात माझ्या पणजोबांचे तीन भाऊ आले, त्यांची मुलं-नातू आले. पणजी कुठेच नाही! तिचं माहेर कोणतं, तिचं लग्नाआधीचं नाव काय, हे आता घरात कोणालाच ठाऊक नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचं नाव आलं आहे. चांगली गोष्ट आहे. पण मागच्या आज्या-पणज्यांचं काय? त्यांच्यासाठी कोणतं कार्यालय रकाना काढून देणार नाही. तो आपणच आपल्या वहीत काढायचा.

आता सरकारकडे एक मागणी. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, जुनी दप्तरं उघडली, नोंदी स्कॅन झाल्या, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. लाखो नोंदी सापडल्याचं सांगितलं गेलं. त्या आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली, की मनावर घेतलं तर हे काम काही महिन्यांत होतं. मग तोच स्कॅनर सगळ्या जाती-जमातींच्या नोंदींसाठी, भंडारा आणि गोंदियाच्या प्रत्येक गावासाठी का फिरू नये? गावनिहाय यादी बनवा, पानाचा फोटो ठेवा, दुरुस्ती असेल तर समासात दाखवा. सर्वोच्च न्यायालयानंही २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं आहे, की स्वातंत्र्यापूर्वीच्या जुन्या कागदांना मोठं वजन आहे. एवढं वजन असलेला कागद वाळवीनं खाल्ला तर त्याची भरपाई शपथपत्रानं होणार नाही.

दुसरी मागणी समित्यांकडे. वडिलांकडच्या सख्ख्या रक्तनात्यातल्या माणसाला रीतसर चौकशीनंतर वैधता मिळाली असेल आणि त्यात फसवणूक नसेल, तर नातेवाइकाला ती नाकारू नये, असा निकाल नागपूर खंडपीठानं २०१० मध्येच दिला आहे. तरी धाकट्या भावाला त्याच फाइलच्या झेरॉक्स घेऊन नव्यानं रांगेत उभं राहावं लागतं. हे थांबायला हवं.

तिसरी मागणी आपल्याच कॉलेजकडे. प्रवेशाच्या आठवड्यात ऑफिसच्या खिडकीसमोर रडणारी मुलं दर वर्षी दिसतात. त्याऐवजी प्रत्येक गावाकडच्या ज्युनिअर कॉलेजात जाऊन अकरावीतच या कागदांची माहिती आपल्या एन.एस.एस.च्या मुलांनी दिली तर? एका रविवारचं काम आहे. ज्यांनी हे सगळं भोगलं आहे, त्यांच्यापेक्षा चांगलं कोण सांगणार?

काही मित्र म्हणतात, "जात जायला पाहिजे म्हणता आणि जातीचेच कागद जपता?" प्रश्न रास्त आहे. पण कागद हरवल्यानं जात जात नाही. कागद हरवल्यानं फक्त ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्याची सीट जाते. जाती जातील तेव्हा जावोत, लवकर जावोत. तोपर्यंत खरं काय होतं ते नीट लिहिलेलं असावं.

म्हणून या दिवाळीच्या सुटीत घरी गेलात, की एक दोनशे पानी वही घ्या. आजी-आजोबा, मोठे बाबा, आत्या, जे कोणी असतील त्यांच्याजवळ बसा. नावं विचारा, गावं विचारा, बायकांची नावं आधी विचारा, कारण ती आधी विसरली जातात. आणि पानाच्या डाव्या बाजूला दोन इंच समास मोकळा सोडा. आपलंही काही चुकेल. पुढची पिढी तिथे दुरुस्ती लिहील, सही-तारखेसकट.