दुसरी सही

‘ओसू’ हा संगणकावरचा तालाचा खेळ ऑस्ट्रेलियातल्या डीन हर्बर्ट यांनी २००७ मध्ये आणला. गाणे वाजते आणि पडद्यावरच्या वर्तुळांवर तालात टिचकी मारायची. वर्तुळांची मांडणी खेळाडूच रचतात. ती अधिकृत गुणफलकात जाण्याआधी किमान दोन परीक्षकांनी शिफारस करायची, मग ती आठवडाभर सर्वांपुढे ठेवायची. दोष निघाला की शिफारस रद्द. परीक्षक बिनपगारी, मूळचे खेळाडूच.

बँकेत आयुष्य गेल्याने दुसऱ्या सहीचे मोल मी जाणतो. पहिलीवर विसंबून केलेली दुसरी सही ही सहीच नव्हे. पण मला या पोरांचे खरे कौतुक वेगळेच वाटते. त्यांच्या निकषांत ‘नियम’ आणि ‘संकेत’ असे दोन भाग आहेत. नियम मोडता येत नाही. संकेत मोडता येतो, मात्र का मोडला ते पटवून द्यावे लागते. ठोका चुकणे ही चूक. मांडणी न रुचणे ही आवड.

आमच्या साहित्यव्यवहारात ही रेघ कुणी आखली? ‘साभार परत’च्या चिठ्ठीत कारण नसते. चूक दुरुस्त करायची की संपादकाची आवड सांभाळायची, हे नव्या लेखकाला कळतच नाही. पुष्कळजण मग लिहिणेच सोडतात.

कुणी म्हणेल, अशा चाळणीतून नवे काही खाली उतरणारच नाही. भीती खोटी नाही. परीक्षकाला बिनधोक तेच मंजूर करण्याची सवय लागते. कर्जमंजुरीत मी ती पाहिली आहे. पण त्यावर उतारा चाळणी फेकण्याचा नव्हे, नकाराचे कारण लिहून देण्याचा आहे. होकाराला दोन सह्या लागत असतील, तर नकाराखालीही एक असावी.