पेशी आणि न्यूट्रिनो

रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या रुग्णाच्याच टी-पेशी काढून घ्यायच्या, त्यांत कर्कपेशी ओळखण्याचे जनुक घालायचे आणि त्यांची संख्या वाढवून त्या पुन्हा त्याच्या रक्तात सोडायच्या, ही ‘कार-टी’ उपचारपद्धती. अमेरिकेने २०१७ साली तिला मान्यता दिली. पण तिथला कोट्यवधींचा खर्च ऐकूनच मध्यमवर्गीय कुटुंबाने हात जोडावेत! पवईची आयआयटी व टाटा मेमोरियल येथील संशोधकांनी सिद्ध केलेल्या ‘नेक्सकार-१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये अनुमती मिळाली आणि हा खर्च सुमारे दशांशावर आला. तोही लाखांच्या घरात आहे, हे विसरून चालणार नाही.

मूलभूत विज्ञानात मात्र आपण रेंगाळलो. कोलारच्या सोन्याच्या खाणीत वातावरणीय न्यूट्रिनोंचा प्रथम वेध घेणाऱ्यांत १९६५ साली आपले शास्त्रज्ञ होते. तमिळनाडूतील नियोजित न्यूट्रिनो वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१५ मध्ये संमती दिली. परंतु स्थानिकांच्या शंकांचे वेळीच निरसन झाले नाही, प्रकरण न्यायालयात गेले आणि डोंगर जिथल्या तिथे राहिला. न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम कोणता, या त्याच प्रश्नाचा वेध घेण्यास चीनच्या ‘जूनो’ प्रयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये प्रारंभही केला.