सल्लागाराला आधी गल्ल्याशेजारी बसवा
पानेवाडी-नागापूरच्या इंधन डेपोंतून निघणारे टँकर आणि अन्न महामंडळाच्या गोदामांकडे येणारे ट्रक यांच्यावर मनमाडच्या कितीतरी टायरवाल्यांचा, स्पेअर पार्टवाल्यांचा, गॅरेजवाल्यांचा धंदा चालतो. यांतल्या कुणी ग्राहकांची नोंद ठेवणारे सीआरएम सॉफ्टवेअर बसवायला नाशिक-पुण्याहून सल्लागार बोलावला, तर त्याला आधी चार दिवस गल्ल्याशेजारी बसवावे. कोणत्या टँकरमालकाचे टायर केव्हा बदलायला येतील, कुणाची उधारी किती थकली, कोण स्वतः फोन घेतो आणि कोण ड्रायव्हरकरवी निरोप धाडतो, हे सारे मालकाच्या डोक्यात किंवा जुन्या दिवाणजींच्या वहीत असते. त्यातही एकच गिऱ्हाईक तीन नावांनी आणि दोन नंबरांनी लिहिलेले. ही यादी साफ करणे कंटाळवाणे आहे, पण खरी मजुरी त्याच कामाची. सॉफ्टवेअर काय, झोहोसारख्या कंपन्यांचे तयार, महिन्याच्या वर्गणीवर मिळते. माझा आग्रह एवढाच, की खाते मालकाच्याच ईमेलवर उघडावे आणि सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ग्राहकांची माहिती सांभाळायची जबाबदारी दुकानदारावरच टाकली आहे, काम सल्लागाराकडे सोपवले तरीही. आणि काउंटरवरच्या पोराला मोबाइलवर, मराठीत, गिऱ्हाईक समोर उभे असतानाच नोंद करता आली पाहिजे. ते जमेपर्यंत सल्लागाराने गाव सोडू नये, हे करारातच लिहून घ्यावे.