गोळी झाडणारा आणि रेंज झाडणारा

गेल्या महिन्यात निपाणीला आत्याकडे गेलो होतो. संध्याकाळी आतेभाऊ बाळूदादा कामावरून आला आणि त्याची तीन वर्षांची चिमी धावत जाऊन त्याच्या पायांना बिलगली. दादा एका खासगी इनडोअर शूटिंग रेंजवर मदतनीस आहे. टार्गेटचे कागद बदलायचे, रायफली पुसून ठेवायच्या आणि रेंज बंद झाली की हॉल झाडून काढायचा, हे त्याचं काम. "लई धूळ असतीया गा," म्हणत त्याने दारातच शर्ट झटकला.

आत्या आतून ओरडली, "आधी अंगावरचं काढ, मग पोरीला घे!"

आत्याची उभी हयात तंबाखूच्या वखारीत गेली. घरी आली की अंगणातच लुगडं झटकायची, हातपाय धुवायची आणि मगच आम्हा पोरांना जवळ घ्यायची. तंबाखूचा खकाणा काय करतो हे निपाणीत कुणाला शिकवावं लागत नाही. तो नाकात गेला की ठसका लागतोच. दादाच्या शर्टावरच्या धुळीने मात्र कुणालाच ठसका लागला नाही. ती शिशाची होती.

आपल्या भागात नेमबाजीचं वेड आहे आणि त्याचा अभिमानही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ आणलं. तुमच्यापैकी कितीतरी जणांची मुलं क्लासला जात असतील. त्यांना घाबरवायला मी हे लिहीत नाही. १० मीटर एअर रायफलचा छर्रा बहुधा शिशाचाच असतो, पण त्यात दारू जळत नाही, त्यामुळे हवेत शिसं बरंच कमी उडतं. पॉइंट टू टूच्या काडतुसाची गोष्ट वेगळी. गोळी शिशाची, आणि तिच्या बुडाशी पेट घेणाऱ्या मसाल्यातही बहुतेक वेळा शिशाचं संयुग. चाप ओढला की धुरातून शिसं थेट नेमबाजाच्या नाकासमोर येतं, आणि गोळी मागच्या लोखंडी पत्र्यावर आपटली की तिचा भुगा होतो. तो जमिनीवर बसतो. दादा तो झाडूने झाडतो, म्हणजे बसलेलं शिसं पुन्हा हवेत उडवतो.

मग हे मोजायचं कसं? कामगाराच्या कमरेला छोटा पंप बांधतात आणि कॉलरजवळ फिल्टरची डबी लावतात. दिवसभर तो ज्या हवेत श्वास घेतो ती हवा फिल्टरमधून ओढली जाते आणि फिल्टरवर किती शिसं बसलं ते प्रयोगशाळा सांगते. त्यावरून आठ तासांची सरासरी काढतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सरासरी कशी फसवते हे चांगलं ठाऊक असतं. उदाहरणापुरते आकडे घेऊ. झाडण्याच्या एका तासात घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅम, उरलेले सात तास २०. सरासरी आली ९२.५. अमेरिकेची मर्यादा ५० आहे, म्हणजे तिथे नापास. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात ती १५० होती, म्हणजे त्या हिशोबाने इथे पास! आणि तो एक तास कागदावरून गायबच. वर त्याच कायद्याच्या कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा होती, पण रेंज म्हणजे कारखाना नव्हे. दादा त्या यादीत बसत नव्हता.

बाहेरदेशी सगळं आलबेल आहे असंही नाही. अमेरिकन सैन्यातल्या रेंज कर्मचाऱ्यांसाठी २०१२ मध्ये तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने अहवाल दिला, की जुनी मर्यादा माणसाला पुरेशी वाचवत नाही. २०१४ ला सिएटल टाइम्सने खासगी रेंजवर लेखमाला केली, त्यातही कामगारांच्या कपड्यांवरून घरापर्यंत पोचलेलं शिसं होतं.

पंप आणि फिल्टर मला कुठून मिळणार? पुढच्या रविवारी मी अगरबत्तीचा पुडा घेऊन दादाच्या रेंजवर गेलो. मालक भला माणूस, तोही कुतूहलाने उभा राहिला. हवा नेमबाजाच्या पाठीमागून यावी आणि टार्गेटकडे सरळ वाहत जाऊन तिथून बाहेर पडावी, हा नियम. वेग सेकंदाला साधारण ३८ सेंटीमीटर असावा म्हणतात. आमची अगरबत्ती दोन हात पुढे गेली, छताच्या पंख्याखाली घुटमळली आणि परत आमच्याच तोंडावर आली. मालक बराच वेळ त्या धुराकडे बघत राहिला.

दादाचं रक्त तपासायला तयार करणं त्याहून अवघड गेलं. "मला काय हुतंय?" हेच पालुपद. पोट दुखतं ते ॲसिडिटीने, थकवा येतो तो दगदगीने, चिडचिड तर आमच्या घराण्यातच आहे. शिशाची लक्षणं अशीच, कुणाच्याही अंगाला चिकटवता येतील अशी. शेवटी आत्याने दटावलं तेव्हा तो गेला. डेसिलिटरला १९ मायक्रोग्रॅम. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रौढांमध्ये ५ किंवा त्याहून जास्त असलं की वाढलेलं धरायला लागले होते. "म्हंजे मरतोय काय मी?" त्याने विचारलं. नाही दादा. संपर्क थांबला तर रक्तातलं महिन्या-दीड महिन्यात निम्मं होतं, पण हाडात जे साठतं ते वर्षानुवर्षं तिथेच राहतं. लहान मुलांच्या बाबतीत तर सुरक्षित म्हणावा असा आकडाच नाही, आणि चिमी अजून बोटं चोखते.

मालकाने पंखे काढले आणि टार्गेटच्या बाजूला एक्झॉस्ट बसवायला घेतलाय. झाडू बंद झाला, आता ओल्या फडक्याने पुसतात. बारीक धूळ अडवणाऱ्या खास फिल्टरचा व्हॅक्यूम महाग आहे, "बघूया" म्हणालाय. दादाला मास्क मिळाला, जेवायला हॉलबाहेर जागा मिळाली. रेंजवरचे कपडे रेंजवरच राहतात. तिथे वॉशिंग मशीन नाही, म्हणून ते शनिवारी पिशवीत बांधून घरी येतात आणि वहिनी ते वेगळ्या बादलीत भिजवते. हे मला पटत नाही, पण सध्या तेवढंच जमलंय.

चिमीचं रक्त पुढच्या सोमवारी काढायचंय. आत्या म्हणते, मी घेऊन जाते तिला, बापाला सुईची भीती वाटते.